लोकरघराची वर्गणी

माणसाने लोखंडी स्टूल दुसऱ्यांदा उचललं तेव्हा बाळ्या मध्ये आला. स्टुलाची कड त्याच्या तोंडावर बसली. तो टेबलावर आदळला, टेबलावरचा संगणक खाली पडून फुटला, आणि त्याच्या बहिणीच्या, ताईच्या पायांपाशी काचा आणि रक्त एकदमच आलं.

"आरडाओरडा केलास तर बघ," माणूस तिला म्हणाला. तिचा आणि बाळ्याचा फोन त्याने आधीच खिडकीतून भिरकावला होता. "मी एकच विचारतोय. हे काय आहे?"

त्याने स्वतःचा फोन तिच्या नाकासमोर धरला. बँकेचा मेसेज होता. त्याच्या खात्यातून 'लोकरघर'ला महिन्याची वर्गणी गेली होती.

"विणकाम शिकवतो आम्ही, ऑनलाइन," ताई म्हणाली. "स्वेटर, मोजे. तुमच्या मिसेसनी..."

"विणकाम!" त्याने स्टूल कपाटावर घातलं. कपाटाचं दार आत गेलं. "माझ्या घरात सुई नाही, लोकरीचा तुकडा नाही. लग्न झाल्यापासून तिने साधा रुमाल विणलेला नाही. मग पैसे कशाचे भरते? कोण आहे आत?"

आत बायका होत्या. ताई आणि बाळ्याची आई परिचारिका होती. जिन्यावरून पडले, असं सांगणाऱ्या बायकांच्या जखमा शिवून शिवून ती कंटाळली आणि तिने लोकरघर हे फोनवरचं ॲप काढलं. वरवर नुसते विणकामाचे नमुने. एका ठरावीक नमुन्यावर बोट दाबून धरलं की आतली खोली उघडायची. तिथे मार खाणाऱ्या बायका एकमेकींशी बोलायच्या, कुठे जाता येईल ते विचारायच्या. लोकरीचे नमुने कुठल्याही नवऱ्याने दुसऱ्यांदा बघितले नव्हते. खर्च जाहिरातींवर भागायचा.

आई गेली, आणि थोड्याच दिवसांत त्यातल्या एकीच्या घरातल्या टीव्हीवर एकट्या बायकांसाठी सुरक्षित खोल्यांची जाहिरात पुन्हा पुन्हा यायला लागली. बाईने फोनवर काय पाहिलं ते जाहिरातीला कळलं होतं, आणि ती सगळ्या घराला सांगत सुटली होती. नवऱ्याने त्या बाईचं मनगट मोडलं. ताईने त्याच आठवड्यात जाहिराती काढल्या.

"माग काढणाऱ्यांचा पैसा मला नको," ती म्हणाली होती. "थोडीशी वर्गणी ठेवू. उघड व्यवहार."

"जाहिरात चोंबडी असते, कबूल. तिचं तोंड मी बांधीन," बाळ्या म्हणाला होता. "पण पैसे भरले की मेसेज जातो, ताई. आणि या बायकांची खाती असतात कुणाच्या नावावर?"

"आई असती तर तिने हेच केलं असतं."

यावर बाळ्याने वर्गणीचं पान बनवायला घेतलं होतं. आईचं नाव निघालं की तो वाद सोडून द्यायचा.

"शिकवतेस ना?" माणूस कपाटापासून वळून म्हणाला. "मग दाखव विणून."

खुर्चीच्या पाठीला आईची विणकामाची पिशवी लटकत होती. आई गेल्यापासून कुणी त्या पिशवीला हात लावला नव्हता. ताईने अर्धा स्वेटर बाहेर काढला आणि सुया धरल्या. तिला विणता येत नव्हतं. लहानपणी तिचं डोकं सतत पुस्तकात असायचं, आणि आईनेही कधी आग्रह केला नाही. तिने एक टोक लोकरीत खुपसलं आणि दोन टाके सुटले. माणसाने तिचे केस धरले आणि डोकं टेबलावर दाबलं.

"ती नाही शिकवत," बाळ्या म्हणाला. "मी शिकवतो."

माणूस हसला. बाळ्याने खुर्ची ओढली, ताईच्या मुठीतून सुया सोडवून घेतल्या. सुलट, सुलट, उलट. त्याच्या ओठातून करड्या लोकरीवर थेंब पडत होते. तो थेंबासकट विणत होता. ओळ संपली. त्याने स्वेटर फिरवला आणि दुसरी सुरू केली.

"बायल्या साला," माणूस म्हणाला, पण त्याने केस सोडले.

"सुरुवातीला कुणालाच धड जमत नाही," बाळ्या मान वर न करता म्हणाला. "उसवून टाकत असतील वहिनी. म्हणून तुम्हाला दिसलं नसेल."

माणसाने विणलेली ओळ बोटाने ओढून पाहिली. मग त्याने स्टूल टाकलं.

"खाली लोकरीचं दुकान दिसलं मला. सुया घेऊनच जातो. आज ती माझ्यासमोर बसून विणेल. नाही आलं, तर त्याच सुया..." पुढचं त्याने बोट स्वतःच्या डोळ्यावर रोखून दाखवलं.

पावलं जिना उतरून गेली. ताईने कोपऱ्यातला शाबूत संगणक ओढला. सकाळी वर्गणी एकीचीच आली होती. आतल्या खोलीत ती 'निळी' या नावाने लिहायची, आणि आताही लिहीत होती. तो तिकडे आलाय का?

निघ, ताईने लिहिलं. आत्ताच्या आत्ता.

बाहेरून कुलूप आहे.

पोलीस पाठवते.

मागे आले होते. त्याच्याशी हसून बोलून गेले.

तरी पाठवते. तोवर... तो सुया आणतोय. तुला विणता येतं?

नाही.

"बाळ्या, पहिला टाका कसा घालतात?"

बाळ्याने पडलेला दात तळहातावर घेतला आणि खिशात टाकला. "सैल गाठ मारायची. घरात काय आहे विचार. परकराची नाडी, दोन पेन्सिली, काहीही चालेल. तू लिही, मी खालून पोलिसांना फोन करून येतो."

"तू सांगितलं होतंस मला. पैशांचं."

"आणि मी धरून बसलो होतो त्या जाहिरातींनी मनगट मोडलं, ते? लिही आधी. गाठ सुईवर चढवायची, दोरा मागून घ्यायचा."

ती लिहीत गेली. बाळ्या खाली जाऊन आला, तिच्या मागे उभा राहून सांगत राहिला. निळीचं उत्तर यायचं: सुटला. पुन्हा सांगा. मग: झाला. पुढचा. पुन्हा: पुढचा.

मग काहीच आलं नाही. ताईने बोटं उचलली.

"थांबू नकोस," बाळ्या म्हणाला. "ओळ अर्धी आहे तिची."