प्रभारी आरसा

हंसाबाईंचा फोटो शेवटी उलटा छापला गेला आणि धावजीकाकांनी तो भिंतीवर लावलाही. हे वाक्य कोणी वाचलं असेल तर विसरून जावं. अजून काहीच झालेलं नाही. अजून धावजीकाका दिग्रसला माझ्या दुकानात स्टुलावर बसून मोबाइल माझ्या नाकासमोर धरून आहेत.

माझं नाव नयन, धंदा फोटोचा. दोन्ही निर्णय वडिलांचे.

मोबाइलमध्ये हंसाबाई होत्या, काकांच्या बायको. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. फोटो नातीने काढलेला: डोक्यावर पदर, नाकात डावीकडे चमकी, चेहऱ्यावर ‘बंद कर ते’ असा भाव. उद्या वर्षाचा कार्यक्रम होता आणि काकांना फोटो काळा-पांढराच हवा होता, तोही जुन्या पद्धतीने, पाण्यातून निघालेला. मशीनवर लगेच निघेल, असं मी सुचवलं. मशीनवर तर लग्नाच्या पत्रिकाही निघतात, असं ते म्हणाले.

“भिंतीवर माहा बाप हाय, माही माय हाय. दोघंबी काळेपांढरे. हे एकटीच रंगीत राह्यली तं सासू म्हणन, नवी आली अन् नटून आली.”

मुद्दा बिनतोड होता.

वडिलांच्या जमान्यातला फोटोकागदाचा डबा माळ्यावर सापडला. आत काय आहे ते आईने एकदा भर उजेडात उघडून पाहिलं होतं, त्यामुळे सगळा कागद बाद. फक्त तळाच्या काळ्या पाकिटात एक वाचला होता.

मोबाइलवरच फोटोतलं काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं केलं आणि झेरॉक्सवाल्याकडून ही निगेटिव्ह पारदर्शक प्लास्टिकवर छापून घेतली. त्याने छापलेलं पाहिलं, मशीन बिघडली म्हणून माफी मागितली आणि पैसे घेतले नाहीत.

आमच्या न्हाणीच्या खिडकीला गादी लावली, देवघरातला लाल बल्ब आणून लावला, झाली डार्करूम. आंघोळ करू द्यायची की नाही, असं आईने बाहेरून विचारलं. सध्या आत हंसाबाई आहेत, असं मी सांगितलं. आई टॉवेल घेऊन शेजारी गेली. सहसा जात नाही.

काका हट्टाने आत उभे होते. कागदावर प्लास्टिक, त्यावर काच, क्षणभर पांढरा उजेड. मग कागद औषधात टाकून टब हलवत राहिलो. आधी पदराचा काठ आला, मग भुवया, मग तो ‘बंद कर ते’. काका टबावर इतके वाकले की त्यांची टोपी मला सावरावी लागली.

फोटो पक्का करून, धुऊन, दार उघडलं. चमकी उजवीकडे होती.

प्लास्टिक पालथं पडलं होतं. कागद संपला होता. पाहुणे उद्या.

मी तीन भाषांत माफी मागितली. काका निथळता फोटो धरून उभे.

“हे ते नाई,” ते म्हणाले.

फोटो परत घ्यायला मी हात पुढे केला.

“मी पाहो तशी नाई,” तो न सोडता ते म्हणाले. “पण आरशात पाहे तवा तिले ती अशीच दिसत असन.”

दुसऱ्या दिवशी मी कार्यक्रमासाठी त्यांच्या तांड्यावर गेलो. काकांच्या भिंतीवर आईबापाचे फोटो आणि त्यांना लागूनच हंसाबाईंचा वेणीफणीचा आरसा. काकांनी आरसा काढला, त्याच खिळ्यावर फोटो लावला. मग शेजारी आणखी एक खिळा ठोकला. हा कायले, मी विचारलं.

“हा माह्या फोटोले. मंग पोरायची धावपळ नोको.”

तोवर रिकामा कायले ठेवायचा, म्हणून त्यावर आरसा अडकवला आणि टोपी नीट करायला समोर उभे राहिले. फ्रेममध्ये हंसाबाई, आरशात काका.

“पाह्य, दोघंबी उलटे. जमलं,” ते म्हणाले. “मीच तेवढा रंगीत राह्यलो.”

“राहू द्या ना काका. चांगले दिसता.”

घरी येऊन मी अर्ज लिहिला. कुठे द्यायचा ते ठरलेलं नाही.

प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी (जे कोणी असतील ते)

विषय: प्रभारी आरशास कायम करणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, श्री. धावजी यांचे राहते घरी कै. हंसाबाई यांच्या शेजारील खिळ्यावर, फोटोच्या रिक्त पदी, सध्या एक आरसा प्रभारी म्हणून काम पाहत आहे. त्याचे काम समाधानकारक आहे. तरी सदर पदी फोटोची नेमणूक न करता आरशासच कायम करण्यात यावे, ही नम्र विनंती.