मागितलेलं झाड

दुधाची वाटी हातात घेऊन जिजाबाई कुंपणाच्या भिंतीशी उभी होती, आणि भिंतीपलीकडे तिची भुरी, आठ वर्षं तिच्याच पायाशी झोपलेली तिची मांजर, शेजारच्या पौर्णिमाच्या वाफ्यात चारी पाय वर करून लोळत होती.

"भुरे! ये ना वं. दूध थंड होऊन राह्यलं."

भुरीनं एक कान हलवला. बस्स, तेवढंच.

वाफ्यात कॅटमिंट होती. पुदिन्याच्या जातीची, राखाडी हिरव्या मऊ पानांची, वर जांभळट तुरे. मागच्या दिवाळीत पौर्णिमानं ती नागपूरच्या नर्सरीतून अल्लीपूरला आणली होती. मांजरांना त्या वासाचं वेड असतं म्हणे. म्हणे कशाला, जिजाबाई रोज डोळ्यांनी पाहत होती आणि रोज जळत होती. नवरा केव्हाच गेला, पोरगी चंद्रपूरला दिली. घरात हाक मारायला ही एवढी भुरी, तीही फितूर.

पौर्णिमानं जिजाबाईला आधी दोनदा फांदी दिली होती. दोन्ही वेळा तिनं फांदीला सकाळ-संध्याकाळ तांब्या तांब्या पाणी घातलं आणि दोन्ही वेळा ती कुजून गेली. दोष अर्थात पाण्याचा नव्हता. मागितलेलं झाड मरते, चोरलेलं लागते, हे जिजाबाईनं पौर्णिमाला ती लग्न होऊन आली तेव्हाच सांगून ठेवलं होतं. जिजाबाईच्या अंगणातला मोगरा, कढीपत्ता, जास्वंद, सगळी चोरीची आणि सगळी माजलेली.

तरी आज तिनं तोंड उघडलं.

"पौर्णिमा, आणखी एक फांदी दे ना वं."

पौर्णिमा सुकलेले तुरे कापत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"नाई देत, मावशी."

"काऊन?"

"नाई म्हणजे नाई."

एवढीशी पोरगी आणि एवढा तोरा! मांजर पळवली ती पळवली, वर एका फांदीला महाग केलं. जिजाबाईनं दूध मोरीत ओतलं आणि बोलणंच बंद केलं.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी दुपारी, सगळं गाव जेवून आडवं झाल्यावर, तिनं पदराखाली खुरपं घेतलं. पौर्णिमाच्या फाटकाची कडी लावलेली नव्हती. ओसरीतल्या बाजेवर पौर्णिमा भिंतीकडे तोंड करून झोपली होती. वाफ्याच्या कडेला एक ठोंब बाकीच्यांपासून सुटा उभा होता, भोवतीची माती भुसभुशीत. खुरपं लावावंही लागलं नाही, मुळासकट हातात आला. देव पाठीशी असला की असंच होतं, असं म्हणत जिजाबाई घरी आली.

कोणाला दिसू नये म्हणून तिनं तो परसात, टिनाच्या पत्र्याआड लावला. तांब्या घेऊन सारखं तिकडं गेलं तर पौर्णिमाला गच्चीवरून दिसलं असतं. म्हणून चार दिवसांतून एकदा, पहाटे, ओंजळभर पाणी. चोरीच्या झाडाचे लाड करता येत नाहीत.

झाड असं लागलं की विचारू नका. संक्रांतीपर्यंत तुरे आले आणि भुरी दिवसभर पत्र्याआड लोळू लागली. जिजाबाई तिथंच पाट टाकून तांदूळ निवडायची.

पौर्णिमा हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला आली, ती थेट परसातच.

"हे कुठून आणलं, मावशी?"

जिजाबाईनं ताटातले निवडलेले तांदूळ पुन्हा पसरले.

"बहिणीनं पाठोलं. हिंगणघाटवरून."

"बरं केलं." पौर्णिमानं वाकून एक पान चुरगाळलं, हुंगलं. "फुलं झाली का अर्धं कापून टाकजा. पुन्हा फुटते."

ती जायला वळली आणि थांबली.

"पण तुमच्या बहिणीले यायले लई उशीर झाला, मावशी. आठ दिवस मी रोज दुपारी कडी काढून भिंतीकडे तोंड करून पडून राह्यली होती. मान आखडली माही."

जिजाबाई तांदळातला खडा शोधत राहिली. भुरी उठली, अंग ताणलं आणि पौर्णिमाच्या पायांत जाऊन घोटाळली. जिजाबाई पुन्हा जळली, जळायची ती जळलीच. मग तिनं ताट बाजूला केलं आणि पाट पौर्णिमाकडे सरकवला.

"बस खाली. मानेले तेल लावून देतो."