सरकारसाठी पट्टा

केनवडच्या उकंडरावांच्या कुत्र्याचं नाव सरकार. नाव ठेवलं होतं त्यांच्या बायकोनं, गोजराबाईनं. का, तर हाक मारली की येत नाही आणि खायची वेळ झाली की न बोलावता हजर. आणीबाणी उठली, दिल्लीतलं सरकार बदललं, पण केनवडच्या नाल्याकाठचं हे काही बदललं नाही.

आता खरं सांगायचं तर जवळ असला म्हणजे कुत्रा निव्वळ गाय हो! बस म्हटलं की बसायचा, चल म्हटलं की चालायचा. पण एकदा का दूर गेला, की मालक कोण आणि गाव कोणतं! उकंडरावांची नाल्याकाठी भाजीची बाडी होती. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं रिसोडच्या बाजारात जायचं. बाभळीवर वांदरांची टोळी उतरली की सरकार सुसाट सुटायचा. वांदरं जायची झाडाच्या शेंड्यावर, दात दाखवायची, आणि हा पठ्ठ्या खाली मेथीच्या वाफ्यात गोल गोल गरगरायचा. वांदरांनी खाल्लं असतं त्याच्या तिप्पट नासाडी राखणदारानं करायची. उकंडराव धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभे राहून ओरडायचे, "सरकार! ये रे बाप्पा! ये माह्या राजा!" राजा मान वळवून पाहायचा, शेपूट हलवायचा आणि परत वाफ्यात शिरायचा.

एका गुरुवारी गोजराबाई बाजारासाठी सांभार खुडायला गेली, तर सांभार कुठंय? सगळा जमीनदोस्त, आणि मधोमध सरकार चारी पाय वर करून उन्हात लोळतोय. बाईनं रिकामी टोपली तिथंच आपटली.

"झालं! लय झालं तुमचं सरकार," ती नवऱ्याला म्हणाली. "ऐतवारी दादा येऊन राह्यला किन्हीराजाहून. त्याच्या बकऱ्यांमागं कुत्रं लागतेच. देते त्याच्या बैलाच्या खासरात टाकून."

"अवं, पण गोजरा..."

"पण नाही अन बिन नाही. दुरून बोलावलं अन वाफा न तुडवता वापस आलं, तं राहू द्या. नाही आलं तं गेलं. दादाच्या समोरच पाहू."

उकंडरावांना त्या दिवशी भाकर गोड लागेना. दोन्ही पोरी सासरी गेल्यापासून घरात बोलायचं कोणाशी? बायकोशी बोलावं, तर ती उत्तर देते, आणि तिचं उत्तर बरोबर असतं, ही मोठी पंचाईत. सरकार तसा नव्हता. पावसापासून पुढाऱ्यांपर्यंत उकंडराव जे काय बोलतील ते तो कान टवकारून ऐकायचा आणि एकदाही मधे बोलायचा नाही. असा जीवाभावाचा सोबती बकऱ्यांमागं जाणार या विचारानंच म्हाताऱ्याचा जीव कासावीस झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलात दौलतसिंगला गाठलं. दौलतसिंग फौजेतून पेन्शनीत आलेला गडी. गावात कोणालाही काही अडलं की त्याच्याकडं उत्तर तयार असायचं, बरोबर असो की नसो.

"अरे भाई, ह्यात काय हाये?" मिशीवरचा चहा पुसत तो म्हणाला. "विलायतेत कुत्र्याच्या गळ्यात एक पट्टा राह्यते अन मालकाच्या हातात डबी. कुत्रा कोसभर जाऊ दे. डबीचं बटन दाबलं का पट्ट्यात झटका! कुत्रा जागच्या जागी पलटी खाते. आमच्या साहेबानं किताबात फोटू दाखवला होता."

"अन तार कुठून जाते?"

"तार नाही. बिनतारी. रेडिओवानी."

उकंडरावांनी विचार केला. "मंग कुत्र्याले गाणे बी ऐकू येत असतीन."

"गाणे नाही रे बुवा, झटका!"

"ते तं आपल्याले दोरीनं बी देता येते," उकंडराव म्हणाले, आणि दौलतसिंगनं कप खाली ठेवला. एवढी सोपी गोष्ट विलायतेतल्या लोकांना कशी सुचली नाही, याचं त्यालाही नवल वाटलं.

शनिवारी दोघं एस.टी.नं रिसोडला गेले. बैलांचा साज विकणाऱ्या नथ्थूचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. घुंगुरमाळा, गोंडे, मोरक्या, कासरे, सगळं दारावर लटकलेलं. नथ्थूनं तीन पट्टे काढले. एक सुताचा, लाल गोंड्याचा. एक लोखंडी खिळ्यांचा, लांडग्यानं नरडं धरू नये म्हणून मेंढपाळ घालतात तसला. आणि एक जाड चामड्याचा, पितळी घुंगरांचा.

"कोणता देऊ?"

"घालून पाह्यल्याशिवाय कसं सांगू?"

"कुत्रं आणलं का?"

"कुत्रं कायले पायजे?" उकंडराव म्हणाले आणि डोक्याचा पटका काढून नथ्थूच्या हातात दिला. त्यांच्या घराण्याची रीतच होती तशी. जे जनावराच्या गळ्यात घालायचं, ते आधी आपल्या गळ्यात घालून पाहायचं. त्यांच्या बापानं बैलाची प्रत्येक मोरकी आधी स्वतःच्या तोंडावर चढवली होती, आणि त्यांच्या गोठ्यातल्या एकाही बैलाची कातडी कधी सोलवटली नव्हती. सगळ्या केनवडला हे ठाऊक होतं. रिसोडला ठाऊक नव्हतं, एवढाच काय तो घोळ.

आधी सुताचा पट्टा. त्याला लांबलचक चऱ्हाट बांधलं. दौलतसिंग दोर घेऊन रस्त्याच्या पलीकडं, पार कांद्याच्या ढिगाजवळ जाऊन उभा राहिला.

"तू कुत्रा हाये," तो तिकडून ओरडला. "कुत्र्यावानी चाल!"

उकंडराव चालू लागले. दौलतसिंगनं दोर ओढला. उकंडराव चालतच राहिले.

"लागलं का?"

"काहीच नाही! गुदगुल्या होऊन राह्यल्या!"

सुताचा बाद झाला. मग खिळ्यांचा. तो घातल्यावर मान खाली होईना की वर होईना. उकंडराव नवरदेवासारखे ताठ चालू लागले, आणि आडवी आलेली एक म्हातारी खिळ्यांकडं पाहून "अगं माय वो!" म्हणून बाजूच्या गुळाच्या दुकानात शिरली. तोही बाद. तोवर गर्दी जमली होती.

"काय झालं याले?" कोणीतरी विचारलं.

"काही नाही. कुत्र्याचा पट्टा घेऊन राह्यले," नथ्थू म्हणाला.

"अन कुत्रं कुठं हाये?"

नथ्थूनं नुसतं बोट दाखवलं.

तिसरा, चामड्याचा. उकंडराव छन छन करत निघाले. एवढे लोक पाहतात म्हटल्यावर त्यांनाही चेव आला. ते वाकून एका टोपलीतली वांगी हुंगू लागले. टोपलीवाली "हाड! हाड!" करायला लागली. तेवढ्यात दौलतसिंगच्या अंगात फौज संचारली आणि त्यानं दोन्ही हातांनी असा हिसका दिला, की उकंडराव जागेवरच गर्रकन फिरले आणि पाय आपोआप दौलतसिंगकडं चालू लागले. नाही म्हणायची सोयच नव्हती.

"हाच!" ते खोकत खोकत म्हणाले. "हाच पट्टा! लय नामी हाये!"

पण त्या हिसक्यानं एक घात झाला. बक्कलाची जीभ वाकली आणि चामड्यात रुतून बसली. नथ्थूनं पक्कडीनं ओढून पाहिलं, दौलतसिंगनं दात लावून पाहिले. पट्टा काही निघेना.

"कापू का?" नथ्थूनं विचारलं.

"खबरदार! कापला तं सरकारच्या गळ्यात काय घालू? काढीन आमच्या गावचा लोहार."

असे उकंडराव गळ्यात पट्टा आणि खांद्यावर चऱ्हाटाचं वेटोळं घेऊन एस.टी.त चढले. गाडी खड्ड्यात गेली की छन, खड्ड्यातून निघाली की छन. कंडक्टर बराच वेळ त्यांच्याकडं पाहत राहिला.

"जनावर बसवाचं असंन तं टपावर बसवा बापा," तो शेवटी म्हणाला, आणि सगळी गाडी हसली. उकंडराव खिडकीबाहेर पाहत राहिले. हसा लेकहो! तुमचं कुत्रं कोणी नेऊन नाही राह्यलं.

गावात लोहार नव्हता. तो लग्नाला गेला होता आणि ऐतवारी संध्याकाळी यायचा होता. उकंडराव रात्रभर कूस बदलत होते आणि घुंगरं वाजत होती. "झोपू द्या न हो!" म्हणून गोजराबाई दोनदा उठून बसली. सरकार मात्र खाटेखाली आनंदात होता. त्याला घुंगरांचा आवाज भारी आवडला होता. सकाळी तर तो मालकाच्या पायातून हटेना. छन वाजलं की उठायचा, थांबलं की बसायचा.

दुपारी भगवंतराव बाडीवर आले. गोजराबाईचे थोरले भाऊ. खासर बाभळीखाली सोडलं, गूळपाणी घेतलं, आणि मग त्यांचं लक्ष गेलं.

"जवाईबुवा, हे गळ्यात काय हाये?"

"सरकारचा पट्टा."

"मंग सरकारच्या गळ्यात काहून नाही?"

उकंडरावांनी दोराचं दुसरं टोक घाईघाईनं बायकोच्या हातात दिलं. "हे धर, गोजरा. तुमी दोघं समजून तं घ्या. हा पट्टा कुत्र्याच्या गळ्यात राहीन, तू इथून हिसका देशीन, अन कुत्रं..."

"अन कुत्रं इथंच उभं हाये, तुमच्या गळ्यात पट्टा पाहून राह्यलं!" गोजराबाई म्हणाली. "दादा, घेऊन जाय त्याले."

भगवंतराव उठले. आणि नेमकी त्याच वेळी वांदरं आली.

सरकार सुटला. सरळ मेथीकडं! त्याच्यामागं उकंडराव सुटले. "सरकार! आज नको रे! आजच्या दिवस नको!" दोर सरसर सुटत गेला. कुत्रं वाफ्याच्या तोंडाशी पोचलं आणि मागून उकंडराव आपले दोन्ही पाय भरल्या मेथीत घालणार, हे धुऱ्यावरून गोजराबाईला दिसलं.

"अवो! माही मेथी!" ती किंचाळली आणि तिनं दोर ओढला.

बाईचा हात रोज विहिरीचं पाणी ओढणारा. उकंडराव जागच्या जागी फिरले आणि छन छन करत धुऱ्याकडं परत निघाले. वाफ्याच्या काठावर सरकार थबकला. वर वांदरं दात दाखवत होती आणि मागं घुंगरं दूर दूर चालली होती. त्यानं एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं. मग वांदरांना तिथंच सोडून तो वाफ्याच्या कडेकडेनं, पाटातून, उड्या मारत मालकामागं आला. मेथीची एक काडीसुद्धा मोडली नाही.

"पुन्हा सोड बरं," भगवंतराव म्हणाले. त्यांना गंमत वाटू लागली होती.

पुन्हा उकंडराव बाभळीपर्यंत गेले, कुत्रं पुढं धावलं. गोजराबाईनं हिसका दिला. उकंडराव फिरले, कुत्रं फिरलं. तिसऱ्यांदा भगवंतरावांनी स्वतः ओढून पाहिलं. तरी तेच.

"गोजरे," ते म्हणाले, "कुत्रं तं दुरून वापस येते वो."

"येते खरं."

"मंग काय करू? नेऊ का नको?"

उकंडराव धापा टाकत उभे होते. मान लालभडक झाली होती, एक हात कुत्र्याच्या डोक्यावर होता. तीन दिवस त्यांनी नाना तऱ्हेचं डोकं चालवलं होतं. आता काही सुचेना, म्हणून खरं तेच बोलले.

"गोजरा, देऊ नको न त्याले. मले करमणार नाही."

गोजराबाई दोराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. तिलाही कुठं करमणार होतं? सकाळची पहिली भाकर तव्यावरून उतरली की नवऱ्याच्या आधी ती कोणाला टाकायची, हे सरकारला ठाऊक होतं.

"दादा, तू वांगे घेऊन जाय," ती म्हणाली. "कुत्रं नेशीन तं हे बी त्याच्यामागं छन छन करत किन्हीराजाले येतीन. मंग मी इथं एकटी दोर धरून काय करू?"

भगवंतराव पोट धरून हसले. वांग्यांचं पोतं खासरात टाकून ते निघून गेले.

"आता हे बक्कल तेवढं काहाड बापा," उकंडराव म्हणाले. "नाहीतं दे कापून. गरज नाही आता."

"काहाडते. जरा मेथी खुडू द्या."

दोराचं टोक कमरेला खोचून गोजराबाई वाफ्यात उतरली. उकंडराव धुऱ्यावर टेकले आणि सरकार त्यांच्या मांडीला टेकला. उकंडराव त्याला कंडक्टरची सगळी हकीकत सांगू लागले, तो ऐकू लागला. गोजराबाईनं अर्धी टोपली भरली, पदरानं तोंड पुसलं आणि काही कारण नसताना एक हलका हिसका देऊन पाहिला.

दोघंही उठून उभे राहिले.