धरणीचं दूध

"पान्हा फुटलाय! धरणीमातेला पान्हा फुटलाय!"

सार्वजनिक संडासासमोर रस्त्याला पडलेल्या भेगेतून पांढरंशुभ्र पाणी उसळलं आणि सगळी गल्ली बाटल्या घेऊन तुटून पडली. भेगेशेजारी खुर्ची टाकून दूधबाबा बसले होते. कालपरवापर्यंत हा गृहस्थ जुन्या गाड्यांची दलाली करायचा. आता घोटाघोटाने आजार बरे करत होता.

त्यातली एक बाटली माझ्या ताईची होती. घरी तिची लेक टायफॉइडने फणफणली होती. मी त्या पोरीची मावशी आणि डॉक्टरही. मी गोळ्या द्यायचे, ताई वरून हे दूध पाजायची.

"अगं, ते नळाचंच पाणी आहे!" मी ओरडले. "खालचा पाइप फुटलाय. पाणी बंद झालं की तो रिकामा होतो, आत हवा शिरते. पुन्हा सोडलं की बुडबुड्यांनी पाणी पांढरं दिसतं. पेला ठेव जरा, तळापासून नितळ होईल. दूध कधी नितळतं?"

"तुला सगळ्यात खोटच दिसते."

"आणि रिकामा पाइप नुसती हवा ओढत नाही, ताई, शेजारच्या गटारातली घाणही ओढतो!"

दुरुस्तीला आलेल्या माणसांना भक्तांनी हाकलून लावलं होतं. पाणीखात्यालाही ते बरंच पडलं, आजोबांच्या काळातला पाइप बदलायचा त्रास वाचला. माझं डोकंच फिरलं. दुपारी पाणी बंद असताना मी ताईला संडासाच्या चेंबरपाशी ओढत नेलं. गटाराची गळती शोधायला वापरतात तो निरुपद्रवी हिरवा रंग तिच्या हातात दिला.

"तूच ओत. उद्या दूध पांढरं आलं, तर मी तुझ्या बाबांच्या पाया पडेन."

सकाळी भेगेतून हिरवं पाणी उसळलं.

बाबा चपापले, मग हात उंचावून गरजले, "मातेनं आज हिरवं रूप घेतलंय!"

आणि लोकांनी जयजयकार केला. चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांनी!

ताईने बाटली रस्त्यावर आपटली. "कसलं रूप? तो रंग काल मी या हातांनी संडासाच्या चेंबरमध्ये ओतलाय! हे पाजतोय आपण पोरांना!"

पेले तोंडाशीच थांबले. कुणीतरी भिंतीशी जाऊन ओकलं. बाबांनी खुर्ची तिथेच टाकून काढता पाय घेतला.

खणल्यावर पाइप सापडला, गंजून चाळण झालेला, आणि त्याला लागूनच तडकलेलं गटार. भाची वाचली, पण अजून भिंत धरून चालते.

बाबाचा मला राग आहेच. त्याहून जास्त राग तो पाइप वर्षानुवर्षं सडू देणाऱ्यांचा आहे. रस्त्यातून पाणी वर आलं तर हात जोडू नका, ते आलं कुठून ते विचारा. जयजयकाराला जो आवाज लावलात, तोच पाणीखात्याच्या दारात लावा.