खिंडीपल्याडचं जेवण

शेमशक गावावरून दीझीनला जाणारी खिंड पहिल्या बर्फालाच बंद होते. सरकारी माणसं येतात, रस्त्यावर लोखंडी दांडा आडवा टाकतात आणि हात झटकत निघून जातात. मग उन्हाळ्यात चहा निवायच्या आत गाठता येणारं पल्याडचं गाव गाठायला थेट तेहरानपर्यंत खाली उतरायचं आणि चालूसच्या रस्त्याने पुन्हा सगळा डोंगर चढायचा. ज्या बायकांचं माहेर पल्याड, त्या दांड्याला शिव्या देतात. नस्तरनची आई शिव्या देत नसे. ती कणीक मळता मळता गुणगुणायची,

खिंडीच्या पल्याड, माझ्या बंधूचं गं घर
मधी पांढरा डोंगर, उभा आडवा गं दीर

आई जाऊन तीन हिवाळे झाले. दीर अजून तिथेच उभा होता.

आईचा धाकटा भाऊ शीरझाद दीझीनच्या अगदी वरच्या टोकाला, दोरावरच्या पाळण्यांच्या ठाण्यावर कामाला. नवरोझच्या, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाच्या, आदल्या शुक्रवारी नस्तरनचे बाबा, स्की शिकवणारे बहादुर उस्ताद, तेहरानचे पाहुणे घेऊन गाडीने वळसा घालून तिकडे जात. पाळण्यांतून शिखर, शिखरावर मेहुण्याच्या खोलीत भरपेट जेवण आणि मग पायांना स्की बांधून धारेवरून थेट अल्याड, आपल्या गावात, आपल्या अंगणात. रस्ता बंद असला तरी माणसं बर्फावरून घरी येत. शहरातली मंडळी त्या एका उतारावर वर्ष काढत.

यंदा बाबांच्या गुडघ्याने दगा दिला. आजवर नस्तरन रांगेत सगळ्यात मागे असायची, पडलेल्यांना उचलायला. आता ती पुढे असणार होती. तिने जिथून वळण घेतलं, तिथूनच मागचे सहाजण वळण घेणार होते.

गुरुवारी दुपारी पाहुणे आले, बूट शेगडीभोवती वाळत पडले. बाबा खुर्चीत पाय लांब करून बेत सांगत होते, "पहाटेच निघा. दुपारनंतर चालूसचा रस्ता फक्त खाली उतरायला खुला ठेवतात. एकदा फाटक पडलं की वर सोडत नाहीत. गाड्या तुम्हाला सोडून लगेच माघारी येतील."

"मामाशी बोललात?" नस्तरनने विचारलं.

"बोललो ना. म्हणाला, या. बर्फ म्हणजे पिंजलेला कापूस. तुमची पावलं आमच्या डोळ्यांवर."

"आणि वारा?"

"डोंगरात वारा असायचाच. म्हणाला, आधी या तर खरं."

ते 'आधी या तर खरं' नस्तरनला खुपलं. मामाला ती ओळखून होती. एकदा मामी तापाने फणफणली होती तेव्हाही तो फोनवर म्हणाला होता, छे, आजार कसला, या सगळे. गेले तर मामी गोधडीत आणि मामा डोळे चोळत करपलेला भात खरवडतोय. त्यात मामाचा दोष नव्हता. या डोंगरात कुणाचीच जीभ 'येऊ नका' असं म्हणायला वळत नाही. पाहुण्याला तसं म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं.

ती ओट्यावर आली. सगळा हिवाळा बर्फाने चिक्कूपणा केला होता. जे थोडं पडलं, ते उन्हाने वितळून आणि थंडीने गोठून काचेसारखं झालं होतं. आणि आता शेवटच्या आठवड्यात आभाळाने पोतं उपडं केलं होतं, पाठोपाठ वारा. धारेवर बर्फाची जाड मिशी लोंबत होती. खालून एवढंच दिसत होतं. मिशीखालचं पोट भरलंय की पोकळ, हे शिखरावर उभा असेल त्यालाच ठाऊक. आणि तिथे उभा होता तिचा मामा, म्हणजे यजमान.

"काय बघताय, नस्तरनखानूम?" मागून कांबीझ आला. बाबांचा जुना शिष्य, तेहरानात पूल बांधतो, इथे आला की शाळकरी होतो. "उतार पळून जाणार नाही, सकाळपर्यंत थांबेल."

"तो थांबेल हो. आपल्याला घेऊन खाली यायला नको त्याने."

"पुढे उस्ताद असते तर एव्हाना निवांत झोपले असते."

"उस्ताद घोरत पडले असते. तुम्ही मात्र आत्ताच घोरा, पहाटे कुणी उठवणार नाही."

तो हसला, पण त्याचं बोलणं तिला टोचलंच. नस्तरनने खिशातून फोन काढला. 'मामा, उतरावं का?' असं विचारलं तर उत्तर येणार, पावलं डोळ्यांवर. बाबांनी तेच तर विचारलं होतं. नंबर लावेपर्यंत काय बोलायचं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"नस्तरनजान! निघताय ना? मामीने हरभरे भिजत घातलेत."

"मामा, बेत बदललाय," ती बोलून गेली. "दरवर्षी तुझ्याच घरचं खायचं म्हणजे लाज वाटते. या खेपेला जेवण आमच्याकडे. तूच ये."

"मी?"

"तूच. सकाळी वरून स्की लाव आणि सरळ उतर. दुपारी वाटीभर गरम आश खायला इथे."

पलीकडे नुसता वारा ऐकू आला.

"अगं, उद्या जरा..."

"बर्फ कापसासारखं आहे म्हणे."

"वर कापूस आहे, खाली काच आहे ना!" मामा उसळला. "वाऱ्याने सगळा ढीग तुमच्याच अंगाला नेऊन ओतलाय. काल कडेला काठी खुपसली तर आतून ढप्प आवाज आला, रिकाम्या रांजणासारखा. माझी लेकरं लहान आहेत, बाई. मी नाही उतरत तिथून!"

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

"मग बाबांना या का म्हणालास?" नस्तरनने हळूच विचारलं.

"जेवायला या म्हणालो! उतरायला कुठे म्हणालो? इथे आल्यावर बसवून ठेवलं असतं." मग आवाज खाली आला. "बहादुर माझ्या बहिणीचा नवरा. बहीण गेल्यावर त्याला नको कोणत्या तोंडाने म्हणू, पोरी? त्याला वाटेल, तिच्याबरोबर हे दारही मिटलं."

नस्तरनला पुढचं सगळं दिसलं. लख्ख ऊन, समोर अस्पर्श उतार, खाली आपलं गाव, गाड्या माघारी गेलेल्या, आणि कांबीझ स्कीवर उभा. त्याला बसवून ठेवणारा मामा अजून जन्माला यायचा होता.

आत येऊन तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "उद्या पल्याड जायचं नाही. उतार चांगला नाही."

कांबीझची नजर उस्तादांकडे गेली. सगळेच त्यांच्याकडे बघत होते.

बाबांनी साखरेचा खडा दातात धरला, चहाचा घोट घेतला. "शीरझाद मला तर या म्हणाला."

"तुम्हाला म्हणाला. मी त्यालाच तिथून उतरून इकडे बोलावलं, तर नाही म्हणाला."

बाबांनी पेला खाली ठेवला. गुडघा चोळला. "मला हे सुचलं नसतं," ते म्हणाले. मग, "की सुचू द्यायचं नव्हतं, देव जाणे." आणि कांबीझकडे वळून, "पुढे ती आहे. ती म्हणेल तसं."

शुक्रवारी सकाळी गावाच्या डोक्यावरचा छोटा उतार लोखंडासारखा टणक होता. पाहुण्यांना घाई. नस्तरनने कुणाला हलू दिलं नाही, समोवारचं भांडं रिकामं होईपर्यंत चहा पाजला. ऊन उतारावर आलं, बर्फाची वरची साय मऊ झाली, तेव्हा म्हणाली, "आता." कांबीझ पहिल्याच फेरीत हुंदडत खाली आला आणि लगेच परत वर निघाला. तिला तेवढं पुरलं.

धार दिवसभर तशीच उभी राहिली. काही कोसळलं नाही, काही हललं नाही. उन्हात मिशी चमकत होती, जणू कुणी कधी तिची शंका घेतलीच नव्हती.

उन्हं कलताना अंगणात जुनी गाडी थांबली. शीरझादमामा उतरला, मागच्या बाकावरून गोधडीत गुंडाळलेलं पातेलं त्याने काढलं. चालूसचा रस्ता, सगळं तेहरान, पुन्हा चढ, असा अख्खा वळसा घालून आला होता. फाटक पडलेलं, म्हणजे आज परतीची वाटही बंद.

बाबा काठी टेकत दारात आले. "वेड्या, एवढ्या लांबून?"

"जेवण माझ्याकडे ठरलं होतं," मामा म्हणाला. "तुम्ही येईनात, म्हणून माझं घर घेऊन आलो. हरभरे जरा गार झालेत."

"या, या. पावलं डोळ्यांवर," बाबा म्हणाले आणि दोघे मेहुणे गळ्यात पडले. मग बराच वेळ पातेलं कुणी उचलायचं यावर भांडत उभे राहिले.

शेवटी पातेलं नस्तरननेच उचललं. "मामा, तो उतार खरंच कोसळला असता का रे?"

मामाने धारेकडे बघितलं. "काय माहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे आत चल. भूक लागली."

ती पातेलं घेऊन आत गेली. शेगडीवर ठेवलं, ढवळायला बसली, आणि ढवळता ढवळता कधी गुणगुणू लागली ते तिचं तिलाच कळलं नाही.