बोलणी खाणारं झाड

"जावईबापू, चहा घेऊनच कामाला लागा," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे कामाला लागूच नका. पण चहा घ्या."

त्या झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर थर्मास आणि गळ्यात पुठ्ठ्याची पाटी. पाटीवर हिरव्या खडूने लिहिलं होतं, 'आधी मला तोडा'. मी शिडीच्या गाडीतून उतरलो होतो, हातात मशीनची करवत होती.

"तुझ्या सासूबाई?" ड्रायव्हरने हळूच विचारलं.

"हो."

"मग आज काही लवकर घरी जाणं नाही," असं म्हणून त्याने गाडी बंद केली आणि स्वतःसाठी चहाचा कप पुढे केला.

मी उद्यान खात्यात आहे. नावात उद्यान असलं तरी माझा जन्म फांद्या तोडण्यातच गेला. तारांना लागणाऱ्या, छपरावर टेकणाऱ्या, पडायला आलेल्या. या कोपऱ्यावरच्या शिरीषाची एक जाड फांदी परवाच्या वाऱ्यात बालवाडीच्या फाटकावर पडली. मुलं सुटायला थोडा अवकाश होता, म्हणून निभावलं. साहेबांनी अख्खं झाड काढायला सांगितलं आणि काम माझ्या वाट्याला आलं. झाड सासूबाईंच्या अंगणासमोरचं आहे हे मला ठाऊक होतं. त्या आडव्या येतील असं मात्र माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

कारण त्या झाडाला सासूबाईंइतकं कोणीच बोललेलं नाही. शिरीषाची पानं बारीक असतात. ती फरशीच्या फटीत बसतात, केरसुणीला दाद देत नाहीत. वाळलेल्या शेंगा दिवसभर खुळखुळत राहतात. लग्न झाल्यापासून मी त्या घरी कधीही गेलो तरी सकाळी ऐकू यायचं ते हेच: "मेल्या, आत्ता झाडलं ना मी? तुला काही लाज? जरा दम धरवत नाही?" मग मला चहा देताना आवाज एकदम मऊ व्हायचा. "जावईबापू, तुमचं खात्यात वजन आहे. हे एकदाचं काढून टाका ना."

खात्यात माझं किती वजन आहे ते मलाच ठाऊक. पण धडधाकट झाड तोडता येत नाही, एवढं मी दर वेळी सांगायचो.

सासूबाई ज्याला आपलं म्हणतात त्याला बोलतात. मुलाला, मुलीला, दूधवाल्याला, खरखरणाऱ्या रेडिओला. सर्वांत जास्त सासऱ्यांना. ते झाडाखाली पेपर वाचत शेंगदाणे खायचे, टरफलं तिथेच टाकायचे. वरून झाड पानं सांडायचं. दोघांची हजेरी एका दमात घेतली जायची आणि दोघंही हूं की चूं करायचे नाहीत. गेल्या हिवाळ्यात सासरे गेले. मला मात्र इतक्या वर्षांत एक वाकडा शब्द ऐकावा लागलेला नाही. सदा 'जावईबापू' आणि अहो-जाहो. कधी कधी वाटायचं, इतका मान पाहुण्याला देतात. याचं मला वाईट वाटायचं, पण ते सांगणार कुणाला?

खुर्चीमागे गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाई आणि निवृत्त मास्तर उभे होते. मास्तरांनीच हे आंदोलन उभं केलं होतं. "आम्ही इथून हलणार नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज थोडा कापत होता. आयुष्यभर मुलांना रांगेत उभं केलेल्या माणसाला असं आडवं उभं राहायची सवय नसावी.

मी बाजूला जाऊन बायकोला फोन लावला.

"तुझी आई झाडाखाली बसलीये."

"कुठल्या झाडाखाली?"

"ज्याला रोज बोलते त्याच्या."

"मला नको विचारूस बाबा. इतकी वर्षं तिची मुलगी म्हणून काढली, तरी मला ती कळत नाही. तूच बघ. फक्त खुर्चीसकट उचलून बाजूला ठेवू नकोस."

मी लाकडी हातोडा घेतला आणि खोडावर ठोकत गोल फिरलो. खालचं खोड टणक वाजत होतं. लांब बांबूने वर, जिथून मोठ्या फांद्या फुटल्या होत्या, तिथे ठोकलं तर रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. ऑर्डर चुकीची निघाली असती तर मी आनंदाने परत गेलो असतो.

"आई, झाड वरून पोकळ आहे."

"मग? मीसुद्धा गुडघ्यातून पोकळ आहे. मला पाडलंत?"

"तुम्ही बालवाडीवर पडणार नाही ना."

यावर शिवणकामवाल्या बाई हसल्या आणि मास्तरांनी डोळे वटारल्यावर गप्प झाल्या. सासूबाईंनी मान वर करून झाडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. "मला दाखवा."

"काय?"

"पोकळ. तुमच्या शिडीच्या टोकाच्या त्या पाळण्यात बसून मी वर येते. दिसलं तर मानेन."

परक्या माणसाला पाळण्यात घ्यायचा नियम नाही. मी ड्रायव्हरकडे पाहिलं, त्याने कपात बघायला सुरुवात केली. मी सासूबाईंना पट्टा बांधला, डोक्यावर माझं हेल्मेट घातलं. ते त्यांच्या भुवयांपर्यंत आलं. पाळणा उचलला तशी त्यांनी माझी बाही घट्ट धरली, पण डोळे मिटले नाहीत.

"अगं बाई!" त्या एकदम म्हणाल्या. "माझं अंगण एवढंसं आहे? मग झाडताना संपत का नाही ते?"

वरून त्यांना सगळंच नवं होतं. छपरावर कुणाचा तरी हरवलेला चेंडू, स्वतःच्या खिडकीतली केरसुणी. त्या प्रत्येक गोष्ट मला बोटाने दाखवत होत्या आणि मीही, हातातलं काम विसरून, पाहत होतो. मग आम्ही फांद्यांच्या बेचक्यापाशी आलो. साल निघालेल्या जागी मी टॉर्च मारला. त्यांनी टॉर्चकडे लक्ष न देता सरळ आत हात घातला. कोपरापर्यंत गेला. बाहेर काढला तेव्हा मुठीत ओला, तपकिरी चुरा होता.

"हे कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली असतील."

"खालून तर काही कळत नव्हतं." त्यांनी मूठ उघडून चुरा खाली सोडला. "यांचंही असंच झालं. आतून काय चाललंय त्याचा पत्ता नाही. मी आपली रोज बोलतेय आणि हे हसताहेत."

मला त्यांच्याकडे बघवेना. पण जे सकाळपासून मनात घोळत होतं ते विचारल्याशिवाय राहवलंही नाही.

"आई, तुम्हालाच हे झाड नको होतं ना?"

"नको होतं म्हणजे जावं असं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "सकाळी उठते तर घरात कोण आहे? कुणाला बोलू? शेजारणीला बोललं तर भांडण होतं. मुलाला फोनवर बोललं तर तो ठेवून देतो. हे एकच उरलंय, मुकाट्याने ऐकून घेणारं."

तेवढ्यात बेचक्याच्या खाली, खोडाला असलेल्या ढोलीतून कसलीशी फुसफुस ऐकू आली. आम्ही दोघंही वाकलो. आत अंधारात पोपटाची दोन पिल्लं होती, अर्धी उघडी, अर्धी हिरवी, आणि आम्हाला घाबरवायचा जिवापाड प्रयत्न करत होती.

"यांनी कधी बिऱ्हाड केलं इथे?" सासूबाई कुजबुजल्या. "आणि मला पत्ता नाही! शेंगा कुरतडून माझ्या अंगणात टाकणारे तुम्हीच काय?" त्या पुन्हा वाकल्या, पुन्हा पाहिलं. मग सरळ होऊन म्हणाल्या, "यांचं काय करणार तुम्ही?"

ढोलीएवढी जागा सोडली तर तिथवर खोड भरीव होतं. वरच्या फांद्यांचं ओझं उतरवलं तर नुसतं खोड उभं राहिलं असतं, वाऱ्याला धरायलाही काही उरलं नसतं. मी पाळण्यातूनच साहेबांना फोन केला. "पडणार नाही याची जबाबदारी तू घेतोस?" त्यांनी विचारलं. मी घेतो म्हणालो. एवढी मोठी गोष्ट मी खात्यात पहिल्यांदाच बोललो असेन.

"म्हणजे फांद्या सगळ्या जाणार," सासूबाई म्हणाल्या.

"सगळ्या."

त्यांनी मान हलवली. "चला खाली."

खाली आल्यावर त्यांनी हेल्मेट काढलं, गळ्यातली पाटी काढली. "मास्तर, माझा हात कोपरापर्यंत गेला," त्या म्हणाल्या. "फांद्या काढू द्या. खोड राहतंय, त्यात पोपट आहेत." मास्तरांनी काही वाद घातला नाही. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याजवळ येऊन विचारलं, "खरंच पोपट आहेत? मला दाखवता येतील?" मी त्यांनाही वर नेलं. ड्रायव्हरने दुसरा कप भरून घेतला.

मग करवत सुरू झाली. सासूबाईंनी खुर्ची अंगणात नेली आणि तिथून हलल्या नाहीत. एक एक फांदी दोराने उतरवत होतो, शेंगा खुळखुळत खाली जात होत्या. शेवटची फांदी उतरली तेव्हा त्यांच्या अंगणात ऊन पडलं. तिथे इतकं ऊन मी कधी पाहिलं नव्हतं. मशीन बंद झाल्यावर बराच वेळ पोपट फिरकले नाहीत, आणि माझा जीव टांगणीला लागला. संध्याकाळी एक हिरवी शेपटी ढोलीत शिरली. तेव्हा कुठे सासूबाई खुर्चीतून उठल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओंडके भरायला मी गेलो. ड्रायव्हर गाडी मागे घेत होता. अंगण स्वच्छ होतं, कालचा भुसाही कुठे दिसत नव्हता. सासूबाई तरीही झाडत होत्या. खोडापासून पायरीपर्यंत, रोजच्यासारख्या, आणि तोंडातून शब्द नाही. केरसुणीचा आवाज तेवढा येत होता. मी फाटकापाशी उभा राहून ऐकत राहिलो आणि मला ते सहन होईना.

ओंडके हलवून माझे बूट भुशाने माखले होते. मी ते झटकले नाहीत. तसाच आत शिरलो आणि अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो.

सासूबाईंनी आधी फरशीवरचे माझे ठसे पाहिले, मग मला.

"जावई..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. केरसुणीवरची मूठ घट्ट झाली.

"मेल्या, आत्ता झाडलं ना मी? डोळे फुटलेत का काय? पाय झटकून यायला काय झालं होतं तुला?"

मी मान खाली घातली. हूं की चूं केलं नाही. त्या बोलत होत्या आणि माझ्या पायांभोवती गोल गोल झाडत होत्या.