मी कुणाचा झटका थांबवला नाही

मी एक जुनी लोखंडी किल्ली आहे, मित्रांनो. वीतभर लांब, टोकाला दोन दात. स्वातंत्र्यानंतर म्हैसूरला एक प्रयोगशाळा उभी राहिली, तिच्या प्राणीघराच्या कुलपासोबत माझा जन्म झाला. काम मानाचं होतं. पण लोकांनी मला भलताच मान दिला, आणि तोच मला डाचतो.

कुणाला झटके आले की शेजारच्या जयलक्ष्मीपुरम वस्तीतली माणसं प्राणीघर सांभाळणाऱ्या रणोजीरावांकडे धावत. "किल्ली द्या हो, फार गुणाची आहे!" मग मला रोग्याच्या थरथरत्या मुठीत कोंबत. झटका थांबला की मला हळदकुंकू! अहो, तो आपोआप थांबला. मी काय केलं?

हे मला उंदरांनी शिकवलं. प्रयोगशाळेतल्या संशोधक वनजाताई त्यांच्या मेंदूत विषाणू टोचून झटक्यांचा अभ्यास करत. तीन-चार दिवसांनी पिंजरा जरा आपटला तरी उंदराचे पुढचे पंजे थडथडत, शेपूट ताठ होई, तो कोलमडे. ताई घड्याळ बघून सेकंद लिहीत. मिनिटभरात तो उठून मिशा पुसत बसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, कारण विषाणू आतच! रणोजीराव मला कमरेला लावून हे रोज पाहत.

एका रविवारी ताई मला न्यायला रणोजीरावांच्या घरी आल्या, तर रावांची चार वर्षांची नात अंबू चटईवर तडफडत होती. दोन दिवसांचा ताप. आणि मी तिच्या मुठीत! माझा दात तिच्या तळव्यात रुतला, रक्त आलं. मला तोंड असतं तर किंचाळले असते.

झटका थांबला. रणोजीरावांनी मला कपाळाला लावलं. "अय्यो, वनजम्मा, नोडी, बघा! थांबलं की! आता निजू द्या पोरीला."

अंबूला कुशीवर वळवत ताई कडाडल्या, "काका, आपल्या उंदरांच्या पंजात कोण किल्ली देतं?"

ताईंनी अंबूच्या तापलेल्या कपाळाला हात लावला.

"तरी त्यांचे झटके थांबतात ना? आणि दुसऱ्या दिवशी?"

"पुन्हा... पुन्हा येतो." मी त्यांच्या हातून खणकन पडले. पोरीला उचलून ते अनवाणीच रिक्षाकडे पळाले.

तापाचा विषाणू तिच्या मेंदूपर्यंत पोचला होता. सतरा दिवस इस्पितळात काढून अंबू वाचली. तिच्या तळव्यावर माझ्या दाताचा व्रण आहे. शेजारी तो दाखवून सांगतात, "किल्लीनं वाचवलं, ही बघा खूण!"

संताप होतो, मित्रांनो! तुम्ही तरी असं म्हणू नका. कुणाला झटका आला तर त्याला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, दवाखाना गाठा. मला कुलपापाशीच राहू द्या. मला दार उघडता येतं, तेवढंच.